शिलंगणाचा घोडा

घोड्यावर बसायच्या आधी नृसिंहराव देसायांनी घोड्याकडे पाहिलंच नाही. आधी कुंपणाकडे पाहिलं, मग कुंपणापलीकडच्या उसाकडे, मग रस्त्यावरून चाललेल्या दुधाच्या गाडीकडे. गाडीवाला आपल्याकडे बघून हसला, असं त्यांना वाटलं. तो फोनवर बोलत होता, पण फोनवर बोलणाऱ्या माणसाला सकाळी सकाळी एवढं हसायला काय होतं, हा प्रश्न राहिलाच.

"सर, घोडी इकडं आहे," वर्षाराणी मॅडम म्हणाल्या.

कोल्हापूरच्या बाहेर, शिये फाट्याच्या आत, उसाच्या रानात वर्षाराणीचं घोडेस्वारी शिकवायचं मैदान होतं. मैदान म्हणजे चुना मारलेले जुने टायर अर्धे जमिनीत पुरून केलेलं एक मोठं गोल कडं. शिकायला येणारी बहुतेक शाळकरी पोरं, त्यांत हे पन्नाशीला टेकलेले, पोट सुटलेले गृहस्थ एकटेच. नाव विचारलं तेव्हा त्यांनी 'पाटील' म्हणून सांगितलं होतं. कोल्हापुरात पाटील म्हटलं की कुणी पुढचं विचारत नाही.

संशय हा नृसिंहरावांचा धंद्यातला गुण होता. शाहूपुरीत त्यांचं पाण्याच्या मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान. कंपनीचं सील असलेला खोका ते कानाशी हलवून बघत. गिऱ्हाईक 'सहज आलो होतो' म्हणालं की ते उठून गल्ल्याला कुलूप लावत. या स्वभावानं त्यांना कुणी फसवलं नाही हे खरं. कुणी जवळचंही झालं नाही, हे त्यांच्या बायकोनं, अनुजानं, एकदोनदा बोलून दाखवलं होतं. अनुजालाही त्यांनी रंकाळ्यावर फिरायला जातो असंच सांगितलं होतं. आठवडाभरानं ती म्हणाली, "रंकाळ्यावर फिरून पँटीला आतल्या बाजूनं केस कसे हो लागतात?" तेव्हा मात्र कबूल करावं लागलं.

एवढी चोरी कशासाठी, तर गावाकडच्या मानासाठी.

नेसरीच्या पलीकडं डोंगराच्या पोटात बोरखिंड नावाचं त्यांचं गाव. दसऱ्याला रवळनाथाची पालखी शिलंगणासाठी शिवेवर जाते, आणि पालखीच्या पुढं घोडा असतो. घोडा पाळायचा देसायांच्या धाकट्या घरानं, आणि त्यावर बसायचं थोरल्या घरानं. धाकट्या घरानं वर्षभर वैरण घालायची, खरारा करायचा, लीद काढायची, पण खोगिरावर कधी बसायचं नाही. थोरल्या घरानं वर्षातून एकदाच बसायचं, पण देवळापासून शिवेपर्यंत पाय भुईला लागू द्यायचा नाही आणि चालत्या घोड्याचा लगाम दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही. पाय लागला की मान गेला. भावकीतला जो कोणी तो लगाम उचलेल, त्याच्या घरात तो मान गेला. ही वाटणी करणाऱ्याला माणसं फार चांगली ओळखीची असावीत, नाहीतर मुळीच नसावीत.

नृसिंहरावांचे वडील गणपतराव, म्हणजे आबा, हयातभर त्या घोड्यावर बसले. वैशाखात न्हाणीत पाय घसरला आणि त्यांचा खुबा मोडला. डॉक्टर म्हणाले, काठीनं चाला, घोडं विसरा. आबांनी खाटेवरून मुलाकडे बघितलं आणि दोनच शब्द बोलले, "आता तू." मुलगा शाळेपासून कोल्हापुरात वाढलेला, मोटरसायकलवरून उतरतानाही दोन्ही बाजू बघून उतरणारा. आबांच्या डोळ्यांदेखत मान आपल्या हातून गेला, तर त्या माणसाला तोंड कसं दाखवायचं, या भीतीनं नृसिंहरावांची झोप उडाली होती. लहानपणापासून बापानं त्यांच्याकडे एवढी एकच गोष्ट मागितली होती.

आणि घोडा होता जोतिरामकडे.

जोतिराम म्हणजे धाकट्या घरचा चुलतभाऊ, दोनच वर्षांनी लहान. शेती, चार म्हशी, आणि शेंदऱ्या नावाचा देवाचा घोडा. गेल्या दसऱ्याला हा शेंदऱ्या नवा होता. आबांसारखा माणूस वर असूनही वाटेत आडवा नाचला होता. आता असा विचार करा, ज्याच्या बापानं आणि आज्यानं जन्मभर घोड्याची लीद काढली आणि वर कधी बसले नाहीत, त्याच्या मनात काय असेल? अशा वेळी आपल्या मनात काय आलं असतं हे नृसिंहरावांना पक्कं ठाऊक होतं. तेच जोतिरामच्याही मनात आहे असं धरून ते चालले. थोरल्या घराला घोड्यावर बसता येत नाही, हे त्याला कळता कामा नये, म्हणून पाटील, म्हणून रंकाळा, म्हणून कुंपणाकडे बघणं.

शिकण्याची सुरुवात वाईटच झाली. मैना ही तांबूस, वयस्कर, शहाणी घोडी. टायरांचं कडं दिसलं की ती आपण होऊन डाव्या हाताला वळत फिरायला लागायची. तिला काही सांगावं लागत नव्हतं. सांगावं लागत होतं ते नृसिंहरावांना. "पाठ सरळ, सर. टाच खाली. लगाम धरून लोंबू नका." घोडी दुडकी चालायला लागली की त्यांचं पोट एका तालात उडायचं आणि फेरी दुसऱ्याच तालात व्हायची. दोनदा ते सरळ वाळूत आडवे झाले. दोन्ही वेळा आधी कुंपणाकडे बघितलं आणि मग कंबर चोळली. पण माणूस चिकाटीचा. आषाढ सरता सरता मांड बसली. मैनेचं पाऊल कधी बदलतं हे मांड्यांना कळायला लागलं, आणि एका सकाळी पूर्ण फेरी होईपर्यंत आपण कुणावर संशय घेतला नाही हे लक्षात येऊन ते स्वतःच चकित झाले.

तेवढ्यात जोतिरामचे फोन सुरू झाले.

"दादा, तुझं वजन किती हाय गा?"

"कशाला?"

"असंच. इचारलं आपलं."

असंच कुणी भावाचं वजन विचारतं का? नृसिंहरावांनी दहा-बारा किलो वाढवूनच सांगितलं. खरा आकडा कशाला कळू द्यायचा. चार दिवसांनी पुन्हा फोन.

"चडताना डावा पायच टाकतोस न्हवं? आनि फेटा कुठल्या रंगाचा बांधणार हाईस?"

"फेट्याचं काय आता मध्येच?"

"तुला न्हवं रं, घोड्याला दाखवाय पायजे. मग सांग की, कुठला?"

"गुलाबी," नृसिंहराव म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला. घोड्याला फेटा कशाला दाखवायचा असतो?

श्रावणात वर्षाराणी म्हणाली, "सर, आता कड्याच्या बाहेर पडायला हवं. रस्त्यानं, गर्दीतनं, आवाजातनं. खरं सांगायचं तर मैनेलाही बाहेरची सवय नाही. ती वर्षानुवर्षं इथंच फिरत आलीय. दोघांनाही शिकावं लागेल."

"नको. मला इथंच बरं आहे."

"पण तुम्हाला घोडेस्वारी कशासाठी शिकायचीय, ते तरी सांगा. मग मला तसं शिकवता येईल."

"तब्येतीसाठी," ते म्हणाले. बाहेर पडलं की हायवे, आणि हायवेवरून गडहिंग्लजकडचं कोण ना कोण पुण्याला जातच असतं. शिवाय ही बाई एवढ्या चौकशा का करते? तिचं आजोळ चंदगडकडं आहे असं ती एकदा बोलून गेली होती. चंदगड ते बोरखिंड एसटीनं असं कितीसं अंतर!

गणपती झाले आणि धोंडुकाकूंचा फोन आला. धोंडुकाकू म्हणजे जोतिरामची आई. फोनवर बोलताना त्या इतक्या मोठ्यानं बोलत की फोन नसता तरी चाललं असतं.

"नरसू, एकदा येऊन जा रं बाबा. ह्या जोत्याला खुळ लागलंय बघ. रोज उटून घोड्यावर वाळूची पोती बांधतोय. पोत्यावर गुलाबी फेटा गुंडाळतोय. पुडं हलगीवाला लावतोय आनि शिवेपातूर चालत जातोय. पावसात सुदीक! आजारी पडंल म्हटलं, तर ऐकत न्हाय माझं."

नृसिंहराव खुर्चीत बसले. सगळं एका क्षणात जुळलं. वजन, फेटा, डावा पाय! रोज ओझं लादून घोड्याला वैताग आणायचा, गुलाबी फेटा म्हणजे जाच ही गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की बसवायची, आणि ऐन शिलंगणाला गुलाबी फेटेवाला वर बसला की घोडा त्याला उडवणार. जोत्याला काही करावंच लागणार नाही. त्यानं फक्त खाली उभं राहून लगाम उचलायचा.

अनुजानं स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं होतं. ती हात पुसत बाहेर आली. "अहो, भाऊजी घोड्याला तुमची सवय लावतायत."

"तुला भावकी माहीत नाही."

"मला नाही माहीत? इचलकरंजीत आमचे चार चुलते एकाच शेडमध्ये माग चालवायचे. भांडायचेसुद्धा आणि एकमेकांच्या मागावर दोरा जोडायलासुद्धा जायचे. भाऊजींना एकदा विचारा तरी."

"विचारलं की तो सावध होईल," नृसिंहराव म्हणाले. अनुजा परत स्वयंपाकघरात गेली. माणूस असा एकदा बोलायला लागला की त्याच्याशी बोलण्यासारखं काही उरत नाही, हे तिला अनुभवानं कळलं होतं.

दसऱ्याच्या दिवशी दुपार कलताना बोरखिंडीच्या देवळापुढं एक टेंपो येऊन थांबला. फळी टाकली आणि आतून मैना खाली उतरली. सोबत वर्षाराणी होती. घरचं कार्य आहे, घोडी हवी, एवढंच तिला सांगितलं होतं. पालखी, ढोल, शिंगं आणि गर्दी बघून ती नृसिंहरावांकडे वळली. "सर, हे आधी सांगायचं होतंत. हिनं यातलं काहीच पाहिलेलं नाही." त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

देवळाच्या पायरीशी जोतिराम शेंदऱ्याला घेऊन उभा होता. घोडा धुऊन तुकतुकीत केलेला, अंगावर झूल, कपाळावर गोंडे. जोतिराम घोडीकडे बघत राहिला.

"हे काय आनलास दादा?"

"माझी घोडी. मी हिच्यावर बसणार."

"आनि ह्यो?"

"त्याला राहू दे आज."

धोंडुकाकू पुढं झाल्या. "नरसू, घोडा धाकट्या घरचा असतोय रं."

"असं कुठं लिवलंय?" नृसिंहराव सगळ्या गावादेखत म्हणाले. गावात आल्यावर त्यांची जीभ आपोआप गावची होई.

जोतिरामचा चेहरा तापल्यासारखा लाल झाला. तो काहीतरी बोलेल, भांडेल, असं सगळ्यांना वाटलं. पण त्यानं आईला हातानं मागं सारलं आणि म्हणाला, "बसू दे दादाला. त्येची मर्जी." एवढ्या सहज तो कसा कबूल झाला, याचाच नृसिंहरावांना जास्त संशय आला. देवळाच्या ओट्यावर खुर्चीत आबांना आणून बसवलं होतं. ते मुलाकडे बघत नव्हते. पुतण्याकडे बघत होते.

नृसिंहराव घोडीवर चढले, आणि चांगले चढले. पाठ सरळ, टाच खाली. दोघा-तिघांनी मान डोलावली. 'रवळनाथाच्या नावानं चांगभलं!' झालं, हलगी कडाडली, आणि मैनेचे कान मागं गेले. थोडं अंतर ती थरथरत सरळ चालली. पण देवळाच्या समोरच पिंपळाचा पार आहे. गोल, आणि दसऱ्यासाठी नुकताच चुना मारलेला. सगळ्या गोंगाटात घोडीला तेवढी एकच गोष्ट ओळखीची दिसली. ती पाराला लागली आणि डाव्या हाताला वळत फिरायला लागली.

पहिल्या फेरीला लोकांनी हात जोडले. घोडी प्रदक्षिणा घालतेय असं वाटलं. दुसऱ्या फेरीला चांगभलं झालं. तिसऱ्या फेरीला मागून कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग हसू पसरत गेलं. नृसिंहरावांनी लगाम ओढला, टाच मारली, शिवी दिली. घोडी बिचारी शिकलेलं काम करत होती. वर्षाराणी धावत आली, "सर, उजवा लगाम! बाहेरचा पाय!" आणि तिनं हात पुढं केला.

"हात लावू नका!" ते ओरडले. "लगामाला हात नको!"

पालखी खोळंबली. भोयांनी खांदे बदलले. दिवस डोंगराला टेकायच्या आत शिवेवर पोचायला हवं होतं. "उतर गा खाली," भावकीतल्या कुणीतरी हाक दिली, "देव थांबलाय." उतरणं म्हणजे पाय भुईला लागणं. नृसिंहरावांच्या डोळ्यांपुढून पार फिरत होता, माणसं फिरत होती, आणि दर फेरीला ओट्यावरच्या खुर्चीतला म्हातारा येत होता. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जोतिराम शेंदऱ्याला घेऊन गर्दीतून पुढं आला. त्यानं घोडा मैनेच्या वाटेत आडवा घातला. मैना थांबली. मग त्यानं शेंदऱ्याला हळूच वळवून तिच्या अंगाला अंग लावून उभा केला. दोन्ही घोड्यांच्या पाय ठेवायच्या रिकिबी एकमेकींना घासल्या.

"दादा, ह्या अंगाला पाय टाक. भुईला लागत न्हाय. टाक."

नृसिंहरावांनी शेंदऱ्याकडे पाहिलं. हाच तो घोडा. त्यानं एक पाऊल बाजूला टाकलं की आपण दोन घोड्यांच्या मधून सरळ भुईवर, आणि जोत्या हाताच्या अंतरावर उभा. याच्याएवढी सोय तर त्याची कधी झाली नसती. त्यांनी जोतिरामच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधायचा प्रयत्न केला. जोतिराम त्यांच्याकडे बघतच नव्हता. तो घोड्याच्या मानेवर हात ठेवून त्याच्याशी काहीतरी पुटपुटत होता, आणि त्याच्या कपाळावरून घाम गळत होता.

विश्वास बसला म्हणून त्यांनी पाय टाकला असं म्हणता येणार नाही. दुसरी वाटच उरली नव्हती. एक पाय पलीकडं गेला, पोट मध्ये अडकलं, फेटा कलला, एक क्षण ते दोन्ही घोड्यांवर आणि कुठल्याच घोड्यावर नव्हते. मग ते शेंदऱ्याच्या खोगिरावर धपकन बसले. घोड्यानं कानसुद्धा हलवला नाही. त्याच्या मानानं हे ओझं हलकंच होतं. जोतिरामनं लगाम त्यांच्या हातात दिला आणि दोन पावलं मागं सरून पालखीला हात जोडले.

शेंदऱ्या चालायला लागला. त्याला काही सांगावं लागलं नाही. हलगी कानाशी वाजत होती, फटाके फुटत होते, आणि घोडा आपल्या वाटेनं संथ जात होता. उतार आला की वरचा माणूस सावरेपर्यंत तो थांबायचा. ओढ्यापाशी चिखल चुकवून दगडावरून गेला. असं थांबायचं त्याला कुणीतरी, भर पावसात, शेजारून पायी चालत, रोज शिकवलं होतं. नृसिंहरावांना ते दर पावलाला कळत गेलं. लाज वाटली, इतकी की रडू आलं. फेट्याचा शेमला तोंडावर ओढून ते देवाच्या घोड्यावर बसून रडले. लोकांना वाटलं, भक्तीनं.

शिवेवर आपट्याची पूजा झाली, सोनं लुटलं. पहिलं सोनं थोरल्या घरानं धाकट्याला द्यायचं असतं. नृसिंहराव घोड्यावरून उतरले आणि मूठभर पानं घेऊन जोतिरामपुढं उभे राहिले.

"जोत्या, चुकलं माझं. मला वाटलं..."

"मला कळलं काय वाटलं ते." जोतिरामनं सोनं घेतलं, कपाळाला लावलं, वाकून थोरल्या भावाच्या पाया पडला, आणि आपल्या हातातलं सोनं त्यांच्या हातात ठेवलं. रीत कुठंही मोडली नाही. मग तो घोड्याकडं वळला. झूल काढली, खोगीर उतरवलं आणि दोन्ही नृसिंहरावांच्या पायाशी ठेवली.

"दादा, फुडच्या साली घोडा तुझा तू बघ. आमच्या घरानं सोडलं."

"असं काय करतोस? रागावलास का?"

"व्हय," जोतिराम म्हणाला, आणि मोकळ्या पाठीच्या शेंदऱ्याला हातानं धरून शेतातल्या वाटेनं घराकडं निघाला.

'मान राखलासा, देसाई!' म्हणत माणसं सोनं द्यायला येत होती. नृसिंहरावांच्या दोन्ही मुठी पानांनी भरल्या, तरी येतच होती. ते वाटेकडे बघत होते. हा रुसण्याचा बहाणा असेल का? पंचांपुढं न्यायचा डाव असेल? घोडा सोडून काही दुसरं मागायचं असेल? जन्मभराच्या सवयीनं ते जोतिरामचं ते एक वाक्य उलटसुलट करून बघत राहिले. त्यात डाव सापडला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. पण जोतिरामला जे म्हणायचं होतं तेच तो म्हणाला होता.